नुसती मान डोलावली

चिखलोली,
३ जुलै २०२०

प्रिय बाबा,
जयभीम.

परवा फोनवर मी विचारत होते, आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या का, आणि तुम्ही म्हणालात, "हो हो, छान आहे," आणि फोन ठेवून दिलात. आई त्या वेळी नळावर. आता काय करायचं तुमच्या कानांचं? मशीन घेऊन दिलं तर ते कपाटात. म्हणून आता हे पत्र. आपल्या रांगेतले सुदामभाऊ कंपनीच्या कामगारांना बदलापूरला सोडायला आमच्याच गेटवरून रिक्षा नेतात, त्यांच्या हाती देते. उत्तर त्यांच्याच हाती द्या.

आम्ही बरे आहोत. प्रमोदचं आणि माझं ऑफिस घरातूनच, मैत्रेयीची शाळा मोबाइलवर. भाजी गेटवर येते. चौथ्या मजल्यावरचे देवदत्त पॉझिटिव्ह निघाले, पण ते आपले बेडरूममध्ये दार लावून, बाथरूम आतच, बायको ताट दाराशी ठेवते. घरात दुसऱ्या कोणालाच झालं नाही.

आता रागावू नका. सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कोणीतरी गाडीतून जाताना आपल्या गल्लीचा काढलाय. नळावरची गर्दी, आणि एक बाई मास्क हनुवटीखाली ओढून एका म्हाताऱ्याच्या अगदी तोंडासमोर उभी राहून बोलतेय. खाली नीलिमाकाकूंनी लिहिलं, "या लोकांना शिस्तच नाही, म्हणून तिकडे जास्त पसरतंय." त्यावर भराभर अंगठे. बाबा, ती हिरवी साडी मी घेतलेली आहे. म्हातारा पाठमोरा होता, पण पाठ काय ओळखू येत नाही का? मी ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. इथं कोणाला माहीत नाही की ती माझी गल्ली.

दोघं इकडे या. आमचे सेक्रेटरी श्यामकांत म्हणतात, एकदा गल्ली सील झाली की तिथल्या माणसाला गेटच्या आत घेणार नाही. त्याआधी या. आणि तोवर मास्क नाकावर ठेवा, पाया पडते.

तुमची,
भावना

अंबरनाथ पश्चिम,
५ जुलै

चि. भावना,
जयभीम. मैत्रेयीला गोड पापा.

पत्र वाचून डोकं फिरलं. मग चहा प्यायलो, मग जरा जाग्यावर आलं.

तुझ्या त्या नीलिमाकाकूंना म्हणावं, एक दिवस आमच्या नळावर या हंडा घेऊन. पाणी येतं जेमतेम तासभर, त्यात अख्खी गल्ली. सरकारी अंतर पाळून रांग लावली तर शेवटची बाई स्टेशनात उभी राहील. संडासाचं तर विचारूच नको. तुमच्या देवदत्तांना बेडरूम आहे, बेडरूमला बाथरूम आहे. आमच्याकडे खाट आहे आणि खाटेखालची जागा आहे. आता यात कोणी कोणापासून लांब राहायचं ते काकूंनीच सांगावं. औषधाच्या कंपन्यांना सुट्टी नाही, म्हणून आपली पोरं शिफ्टला जातात, एका रिक्षात कोंबून. एक जरी घरी घेऊन आला की झालं. शिस्तीचं मला सांगू नका. तीस वर्षं तापलेलं लोखंड ठोकायच्या हॅमर शॉपला होतो, एक दिवस लेट पंच नाही.

आणि ती बाई तुझी आई नव्हे. हिरव्या साड्या काय जगात एकीकडेच असतात? आम्ही मास्क लावतो. काल सर्व्हेवाल्या ताई आल्या होत्या, कपाळाला ती तापाची बंदूक लावली, सगळं विचारलं आणि "ठीक" लिहून गेल्या. आपल्या सगळ्या रांगेत ठीक आहे.

तिकडे यायचं जमणार नाही. शेजारी हरिचंद्रला थोडी कणकण आहे, त्याची बनूबाई एकटी काय काय बघणार? आणि खरं सांगू, तुमच्या घरात मला करमत नाही. गोळ्या आहेत अजून.

तुझा बाबा

अंबरनाथ,
६ जुलै

भावना बाळा,

तुझे बाबा ओट्यावर बसलेत तेवढ्यात लिहिते. माझं अक्षर कसं आहे तुला माहीत आहे, हसू नको. त्यांनी लिहिलेलं मी वाचलं. खोटारडे एक नंबरचे! ती बाई मीच होते आणि तो म्हातारा तेच.

तुला वाटतं बाबांना कमी ऐकू येतं, मोठ्यानं बोललं की कळतं. तसं नाही गं. त्यांना काहीच ऐकू येत नाही. कितीतरी वर्षं झाली. त्या हॅमरनं कान खाल्ले. ते माणसाचं तोंड बघतात, ओठ हलतात त्यावरून ओळखतात. फोनवर तोंड दिसत नाही म्हणून हो हो करतात. हे मी कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. कंपनीत कळलं असतं तर मेडिकल अनफिट करून घरी पाठवलं असतं, म्हणून तिथं सगळे हॅमरवाले एकच करायचे, साहेब काही बोलला की मान डोलवायची. ती सवय गेलीच नाही. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आता कोण काढणार आहे कामावरून? पण नाही. लाज वाटते.

आता सगळ्यांच्या तोंडाला फडकं. ते म्हणतात, चांगुणा, सगळी दुनिया मुकी झाली. मग मी मास्क खाली करते. बनूबाई हरिचंद्रभाऊंसाठी करते. सुदामच्या बापासाठी त्याची सून करते. आपली अख्खी रांग हॅमरवाल्यांची, सगळ्यांनी एकत्र घरं बांधली, सगळ्यांचे कान सारखेच गेलेत. मग आमच्या रांगेतल्या बायकांची तोंडं उघडी दिसणारच ना?

आणि ते सर्व्हेचं ऐक. ती ताई दारात उभी, तोंड झाकलेलं, वर प्लास्टिकची काच. मी संडासच्या लाइनीत. तिनं विचारलं असेल, आजोबा, सगळं बरं ना? यांनी मान डोलावली. हरिचंद्रभाऊंना चांगला ताप आहे, कणकण नाही. त्यांनी पण डोलावली. मी येईस्तोवर ती पुढच्या गल्लीत.

मला भीती वाटते भावना. यांना सांगू नको मी लिहिलं ते.

आई

चिखलोली,
८ जुलै

बाबा,

आईवर ओरडायचं नाही, आधीच सांगते. तिनं मला सगळं सांगितलं आणि बरं केलं. मला इतकं रडू आलं आणि तुमचा इतका राग आला की काय सांगू! लहानपणी मी तुमच्या पाठीमागून बोलायचे आणि तुम्ही उत्तर द्यायचा नाहीत, मला वाटायचं बाबा तुसडे आहेत. एकदा तरी सांगायचं होतं ना मला! तुमच्या घरात मला करमत नाही म्हणता, ते का तेही आता कळलं. आम्ही तिघं लॅपटॉपकडे तोंड करून बोलत बसतो.

हरिचंद्रकाकांना ताबडतोब दाखवा. बनूकाकूंना म्हणावं सोबत कोणी बोलणारं पाठवा, एकटं सोडू नका.

मी काल ग्रुपवर लिहिलं. "व्हिडिओतली हिरव्या साडीतली बाई माझी आई आहे. समोर माझे वडील आहेत. कारखान्यात त्यांचे कान गेलेत, ओठ दिसले नाहीत तर त्यांना काही कळत नाही." एवढंच. प्रमोद म्हणाला, कशाला आपण होऊन सांगितलंस, आता बघतीलच तुझ्याकडे वेगळ्या नजरेनं. बघू देत. संध्याकाळी श्यामकांतांनी व्हिडिओ काढून टाकला. सॉरी कोणी म्हणालं नाही. नीलिमाकाकू लिफ्टमध्ये भेटल्या आणि मास्क वर सरकवून भिंतीकडे बघत राहिल्या. पण दुसऱ्या मजल्यावरच्या अनुयाचा फोन आला. ती शिलाई करते. म्हणाली, पुढं प्लास्टिकची खिडकी ठेवून मास्क शिवते, तोंड दिसेल. सोबत पाठवलेत, सगळ्या रांगेला पुरतील.

आता तरी इकडे या हो बाबा.

भावना

अंबरनाथ,
१५ जुलै

चि. भावना,

गल्ली सील झाली. दोन्ही तोंडांना बांबू. आता यायचा प्रश्नच मिटला. सुदाम बाहेर कंपनीच्या शेडमध्ये झोपतो, मी कागद बांबूत खोचतो आणि तो घेऊन जातो.

तुझ्या अनुयाला आशीर्वाद सांग. मास्क मोठे झकास. तुझी आई घालून उभी राहिली आणि म्हणाली, "चहा", तर प्लास्टिकवर वाफ धरली आणि नुसता पांढरा ढग. मी म्हणालो, पुढचं सांग. तर अजून ढग. बनूबाईनं आतून साबण चोळून पाहिला, तर तिला शिंका सुटल्या. तरी घालतो. थोडं थोडं बोललं की दिसतं.

आता दुसरं लिहितो. हरिचंद्र गेला.

त्याला नेलं तेव्हा बनूबाईला सोबत जाऊ दिलं नाही, नियम म्हणाले. शेजारच्या खाटेवरचा माणूस बरा होऊन आला, त्यानं सांगितलं. तिथं सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात, माणूस की बाई ते कळत नाही. सकाळ-संध्याकाळ यायचे, लांबून विचारायचे, "काका, बरं आहे ना? दम लागत नाही ना?" आणि हरिचंद्र मान डोलवायचा. जेवणाला नाव पुकारायचे, हा आढ्याकडे बघत पडलेला. शेवटी त्या शेजाऱ्यानंच आरडाओरडा करून कोणाला तरी बोलावलं, तोवर उशीर झालेला. डॉक्टर पोरगी रडली म्हणे. बिचारीचा काय दोष? रोज विचारत होती, रोज हा बरा म्हणत होता.

मान डोलवायला मला त्यानंच शिकवलं. मी नवीन होतो. पहिल्याच महिन्यात फोरमन माझ्यावर बोंबलत होता आणि मी "काय? काय?" करत होतो. हरिचंद्रनं मागून चिमटा काढला. जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, येड्या, काय विचारू नको, हो म्हण, नोकरी टिकव. टिकली. त्याची पण टिकली.

तो गेल्यापासून मी तुझ्या आईला बजावलंय, माझ्यासमोर मास्क काढायचा नाही. मेलो तरी नाही. तिला राग आला. पण मी ऐकत नाही. म्हणजे तसाही ऐकत नाही. आता घरात आम्ही दोघं हातवारे करतो. मीठ दे, दार लाव, एवढं जमतं. बाकीचं राहतं.

बाबा

चिखलोली,
१९ जुलै

बाबा,

सुदामभाऊंनी सकाळी सांगितलं, आईला नेलं. मला कोणीच कळवलं कसं नाही? मी कोविड सेंटरला जाऊन आले, आत सोडत नाहीत, पण कपडे आणि गोळ्या पोचल्या. आईनं फोन नेलाय ते बरं. ऑक्सिजन लावलाय, जास्त बोलवत नाही. तिला ऐकू येतं बाबा, तिला विचारलेलं कळतं, तिचं हरिचंद्रकाकांसारखं होणार नाही.

तुम्ही कसे आहात? तुमची टेस्ट? काय झालं ते नीट लिहा. आणि खरं लिहा.

भावना

अंबरनाथ,
२० जुलै

चि. भावना,

मला मेल्याला काही नाही. रिपोर्ट निगेटिव्ह. बनूबाई भाकरी आणून दाराशी ठेवते, मी खातो. खातो म्हणजे घशाखाली उतरवतो.

खरं लिहितो. तुझ्या आईला आधी खोकला, मग उभं राहिलं की दम लागायला लागला. या वेळी मी सर्व्हेची वाट बघितली नाही. बांबूपाशी जाऊन हवालदाराला हाताला धरून आणायलाच निघालो होतो, तो लांब पळाला. पण गाडी आली.

ती पिशवी घेऊन निघाली. गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि मागं वळली. माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. तोंडाला अनुयाचा नाही, साधा निळा मास्क. मला नुसतं कापड आतबाहेर होताना दिसलं. मी हातानं खूण केली, खाली कर, एकदाच. तर तिनं नाही म्हणून मान हलवली. मीच बजावलं होतं ना. सगळ्या संसारात माझं एक म्हणणं तिनं ऐकलं नाही, ते नेमकं तेव्हा ऐकलं.

ती थांबून होती. डोळे माझ्यावर. गाडीवाला घाई करत होता. आणि भावना, मी मान डोलावली. कळल्यासारखी. चांगली दोनदा. ती चढली, दार लागलं, गाडी गेली.

तेव्हापासून मला काही सुचत नाही. मी कशाला हो म्हणालो? काही मागितलं असेल तिनं? काही करून ठेवायला सांगितलं असेल? मी मेले तर असं करा, असं तर नाही ना? मी हो म्हणून बसलोय आणि मला माहीत नाही कशाला. तिच्याकडे फोन आहे. तू विचार. ती दमली असेल तर थांब, पण विचार. आणि तुझ्या मनचं काही लिहू नको, मला आईचे शब्द ओळखू येतात.

बाबा

चिखलोली,
२३ जुलै

बाबा,

काल विचारलं नाही, काल तिला बोलवत नव्हतं. आज ऑक्सिजन थोडा कमी केलाय. डॉक्टर म्हणाल्या, अजून दोन-चार दिवस काही सांगता येत नाही, पण आजचा दिवस चांगला आहे. मी तुमचं सांगितलं. बाबा म्हणतात, गाडीत चढताना काय म्हणालीस?

ती आधी हसली. हसली म्हणजे खोकला आला आणि मी घाबरले. मग थांबून थांबून जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते.

"अगं, मी काय म्हणणार? मी त्यांना विचारलं, मास्क लावून बोलतेय ते तुम्हाला ऐकू येतंय का? तर दोनदा मान डोलावली. मी म्हटलं, घ्या! मी मरायला निघाले तरी हा माणूस खोटंच बोलतोय."

एवढंच. दुसरं काही नव्हतं बाबा. मी तिला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "त्यांना सांग, मी उत्तराची वाट बघतेय."

भावना

अंबरनाथ,
२५ जुलै

चांगुणा,

तुला पत्र लिहायची माझी पहिलीच वेळ. तू कुठं कधी लांब गेलीस, म्हणून लिहिणार? भावना सिस्टरच्या हाती पोचवेल म्हणाली. चष्मा नेलायस ना?

तुझं उत्तर वाचून मला आधी हसू आलं. ओट्यावर एकटाच हसत होतो, बनूबाई दारातून बघायला लागली, म्हातारा गेला कामातून. मग हसू पुरं होईना. मी लाजलो गं. खूप लाजलो.

काल सर्व्हेवाल्या ताई आल्या. तेच फडकं, तीच काच. बोलल्या काहीतरी. माझी मान हलायलाच लागली होती. मी ती हातानं धरली, देवाशप्पथ नाही, आपली शप्पथ, दोन्ही हातांनी धरली आणि म्हणालो, "मला ऐकू येत नाही." एवढ्या मोठ्यानं म्हणालो असेन की गल्ली बाहेर आली. ताई घाबरली. मी म्हणालो, "लिहून दाखवा." तिनं मोबाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "आजोबा, ताप आहे का?" मी म्हणालो, "नाही." मग मी तिला रांगेत घेऊन गेलो, लांबूनच, आणि एकेका हॅमरवाल्याच्या दारात उभा राहून सांगितलं, याला पण येत नाही, याला पण नाही. राजेंद्र भडकला माझ्यावर, सगळ्यांसमोर इज्जत काढली म्हणून. त्याच्या कपाळाला बंदूक लावली तर ताप निघाला. आदल्या खेपेला त्यानं पण मान डोलावली होती. त्याला नेलं, आणि गळ्यात पुठ्ठा अडकवून नेलं, ऐकू येत नाही असं लिहून. सुदामचा बाप मात्र काही केल्या कबूल होईना. अजून डोलवतोय.

भावना म्हणते तिच्या सोसायटीत एकालाच झालं आणि तिथंच थांबलं. मी म्हणालो थांबणारच, तिथं माणसाला माणूस ऐकू येतो आणि दाराला दार आहे. इथं आमचे कान कंपनीनं घेतले आणि तोंडाचं खापर तुम्हा बायकांवर फुटलं. हे मी त्या ताईला पण सांगितलं. तिनं लिहून घेतलं की नाही माहीत नाही. मान तर डोलावली.

तुझ्याशी मात्र हिशोब वेगळा आहे. लाइट गेल्यावर अंधारात तू किती वेळा बोललीस. तुझा भाऊ गेला तेव्हा बराच वेळ बोलत होतीस. तुझा हात माझ्या छातीवर होता, म्हणून कळत होतं की तू बोलतेयस, आणि मी हं हं करत होतो. तोंड दिसत नव्हतं गं. तू काय सांगितलंस ते मला आजवर माहीत नाही. आणि तुला वाटलं असेल, यानं सगळं ऐकून घेतलं.

तर तू गाडीच्या पायरीवरून विचारलंस, ऐकू येतंय का.

नाही. ऐकू आलं नाही. परत सांग.

रामभाऊ